हाये का गेली?

जुनी, परदेशी बनावटीची, दोन दारांची आणि टप उघडणारी गाडी विकायला काढली आणि माझ्या साडभाऊंचा फोन आला नाही, असा माणूस या देशात अजून जन्मायचा आहे. कोचीचा दातांचा डॉक्टर असो, जयपूरचा हॉटेलवाला असो, की दिल्लीत अशा गाड्यांचंच दुकान मांडून बसलेला दलाल, जाहिरात टाकून त्याने चहाचा कप खाली ठेवलेला नसतो, तोच चंद्रपूरजवळच्या मूल गावाहून एक खणखणीत आवाज त्याच्या कानात शिरतो, "जय भीम साहेब! हाये का गेली?" पुढचा माणूस मराठी आहे की नाही याची साडभाऊंना फिकीर नसते. "हाये का गेली, एवढं कोनालेबी समजते," असं त्यांचं म्हणणं. आणि समजतंही. दिल्लीचा तो दलाल तर पुढे पुढे फोन उचलल्याबरोबर आपणच सांगू लागला, "जय भीम भाऊ, है, अभी गयी नहीं."

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूलला त्यांची छोटीशी राईस मिल आहे. वय साठीच्या पुढे, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि भुवयांवर बारा महिने भाताच्या कोंड्याची भुकटी, त्यामुळे ते कायम नुकतेच काहीतरी ऐकून थक्क झाल्यासारखे दिसतात. त्यांच्या दारात चारचाकी कधीच नव्हती. ऐपत नाही असं नाही. मिल बरी चालते. पण कुणी साधी, चार दारांची, माणसांसारखी गाडी सुचवली की ते दुखावतात. "आता महिन्या-दोन महिन्यात ते येऊनच राह्यली ना! मधात दुसरी कायले घरात घुसवता?" या एका वाक्यावर त्यांनी अख्खा संसार एका मोपेडवर रेटला. मुलीच्या लग्नाची सगळी खरेदी मोपेडवरून आली, आणि त्यात लोखंडी कपाटही होतं, असं मूलमध्ये सांगतात. मी कपाट पाहिलं आहे. त्याला एका बाजूने पोचा आहे, तेव्हा खरं असावं. येणाऱ्या गाडीसाठी मिलला लागून बांधलेली खोली मात्र केव्हाची तयार आहे. तिच्यात सध्या कोंड्याची पोती असतात आणि दरवर्षी एक कुत्री तिथेच विते. साडभाऊ पिल्लांना दटावून ठेवतात, "मोठे व्हा लवकर. खोली खाली करा लागते."

गाडी घ्यायची म्हणजे काय, याबद्दलच्या त्यांच्या सगळ्या कल्पना बैलांवरून आलेल्या आहेत. त्यांचे वडील शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. जोडी गावच्या मालगुजाराची, हाकणारे धुरकरी वडील. पट जिंकला की फेटा मालकाला आणि खरचटलेली ढोपरं यांना. तरी पंचक्रोशीत कुणाला पटाचा बैल घ्यायचा असला की यांना बोलावणं यायचं, आणि लहानपणी साडभाऊ त्यांच्याबरोबर गावोगाव बैल पाहत हिंडले. तेव्हापासून त्यांची खात्री आहे की पळणारं काहीही पाहायची रीत एकच. आधी लांबून पाहायचं. मग मागून पाहायचं. समोरून सगळ्यात शेवटी, कारण तोंड पाहून माणूस फसतो. मालकाला विचारायचं, मारकी तर नाही ना? आणि पाहून झाल्यावर कितीही आवडली तरी जागेवर हो म्हणायचं नाही, "कळवतो" म्हणायचं.

नागपूरला एका मोठ्या दुकानात ते मला घेऊन गेले होते. काचेच्या भिंती, थंडगार हवा, टाय लावलेला एक तरतरीत पोरगा. साडभाऊंनी गाडी मागून पाहिली, चाकांवरून असा हात फिरवला की मला वाटलं आता खूर उचलून बघतात, आणि मग भाव विचारायची वेळ आल्यावर खांद्यावरचा दुपट्टा काढून त्या पोराच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो. किती बोटं दाबली त्यावरून आकडा, बघ्यांना काही कळत नाही. पण त्या पोराने बैलबाजार पाहिला नव्हता. त्याने "सर, सर!" करत हात ओढला, साडभाऊंना वाटलं भाव फार कमी झाला, म्हणून त्यांनी आणखी दोन बोटं धरली. पहारेकरी धावत आला. मी बाजूला उभा होतो. दोन शब्दांत उलगडा करता आला असता; पण मला वेळेवर शब्द सापडत नाहीत, आणि सापडेपर्यंत आम्ही बाहेर उन्हात होतो. "पोरगा चांगला हाये," दुपट्टा झटकत साडभाऊ म्हणाले, "पण त्याले धंदा शिकवला नाई कोनं."

गाडी लांबची असली तर ते तिचा आवाज ऐकतात. कोचीच्या डॉक्टरांना त्यांनी गाडी सुरू करून फोन तिच्या नाकाशी धरायला लावलं होतं. इकडे मिल बंद केली. पट्टा थांबला, धान घेऊन आलेले शेतकरी पोत्यांवर बसून राहिले, सुपं धरलेल्या बाया तशाच उभ्या, आणि सगळ्यांच्या मधोमध स्टुलावर तो फोन. एक हमाल कान देऊन म्हणाला, "मालक, हिले खोकला हाये." साडभाऊंनी मान हलवली आणि डॉक्टरांना सांगितलं की साहेब, आवाज गोड आहे, पण खोकल्याचं दाखवून घ्या कुणाला तरी. पुढे निष्पन्न झालं की खोकला गाडीचा नव्हता, डॉक्टरांचा होता.

आणखी एकदा ते भर सकाळी मूलच्या रस्त्यावर गतिरोधकाशेजारी आडवे पडलेले सापडले, गाल डांबराला टेकवून. गर्दी जमली. कुणीतरी धावत जाऊन बाईंना, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंना, सांगितलं की मालक पडले. बाई तशाच पिठाच्या हातांनी धावत आल्या. साडभाऊंनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "सरका जरा. उजेड सोडा. पोट घासते का नाई ते पाहून राह्यलो." पोट येणाऱ्या गाडीचं. अशा गाड्या जमिनीला फार लागून असतात. बाईंनी सगळ्या गावादेखत दोन्ही हात कमरेवर ठेवले. "उठता का तुमच्यावरूनच ट्रॅक्टर काढाले सांगू?" ते उठले. एका गालावर डांबराची नक्षी घेऊन दिवसभर हिंडत होते.

आता माझं. मी गडचिरोलीला कॉलेजात भूगोल शिकवतो. तिथे बोलण्याचे पैसे मिळतात, म्हणून घरी येईपर्यंत साठा संपलेला असतो, असं माझी बायको सांगते. साडभाऊंना माझी हीच गोष्ट पसंत पडली. मिलच्या धडधडाटात त्यांना आलेले फोन ऐकू येत नाहीत. म्हणून एक दिवस त्यांनी ठरवलं की विचारायचं त्यांनी, पण उत्तर यायला नंबर द्यायचा माझा. "तुमच्या घरी शांतता असते," ते म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. मी कशालाच नाही म्हणत नाही, तोच माझा रोग आहे. तेव्हापासून मी वर्गात नद्यांची खोरी शिकवत असताना हैदराबाद, पुणे, जयपूर इथून माणसं मला कळवू लागली की साहेब, आपली लाल गाडी अजून आहे. मी ते साडभाऊंना कळवायचं. मग ते पाहायला जाणार, मागून, पुढून, आणि शेवटी "कळवतो".

एका उन्हाळ्यात आम्ही मूलला गेलो होतो. साडभाऊ मिलमध्ये होते. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उंच खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, यानंतर कोनाचा फोन आला ना, तर गेली म्हणून सांगून द्या."

"काऊन, बाई?"

त्यांनी साडी जराशी वर करून सुजलेला गुडघा दाखवला आणि पुन्हा झाकला. मग कोथिंबिरीकडे बघत बोलत राहिल्या. "लय वर्स झाले, आमी ताडोब्याकडून येऊन राह्यलो होतो, मोपेडवर. वाघ रोड पार करत होता, तं सगळ्याच गाड्या थांबल्या. आमच्या बाजूले अशीच एक ठेंगणी गाडी येऊन उभी झाली. टप उघडा. आत एक बाई बसली होती, केस मोकळे. सगळ्यायचं ध्यान वाघाकडे, माहं तिच्याकडे. माह्या तोंडातून निंगालं, असं एकदा बसाले पायजे बावा. बस, एवढंच मनलं. मी घरी येऊन भाजी टाकली अन विसरून गेली. हे नाई विसरले. वाघ दिसला म्हनून लोकायले सांगतेत, पन त्यायनं वाघ पाह्यलाच नाई."

मी कोथिंबिरीची एक जुडी पुढे ओढली. बाईच पुढे म्हणाल्या, "आता मले पाटावर बसवत नाई. खाली बसली तं उठवाले दोघी लागतेत. त्या गाडीत कशी बसू मी? अन नाई बसता येत म्हनून त्यायले सांगू कशी? इतके वर्स शोधून राह्यले. तुमी सांगून द्या, गेली म्हनून. तुमच्यावर इस्वास ठेवतेत ते."

मी मान हलवली. आणि मग जयपूरची गेली, पुण्याची गेली, हैदराबादची गेली. माझ्या तोंडाने गेल्या. दर वेळी पलीकडे मिलची धडधड थोडा वेळ ऐकू यायची आणि मग साडभाऊ म्हणायचे, "गेली? बरं. चांगल्या घरी गेली असन." मुलीचं स्थळ हुकल्यावर म्हणतात तसं. फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे बघत बसायचो. बाईंचं ऐकलं हे चांगलं केलं, की साडभाऊंना फसवलं हे वाईट केलं, याचा मला पत्ता लागत नव्हता. आजही लागलेला नाही. बायकोला विचारावं म्हटलं तर तिला सांगावं लागलं असतं.

आणि या हिवाळ्यात चंद्रपूरची निघाली. एका निवृत्त इंजिनियरांची. मुलगा परदेशात, त्याची गाडी अंगणात ताडपत्रीखाली. त्यांनी मला सावकाश, एकेक शब्द ठेवत सांगितलं की गाडी आहे, विकायची आहे, घाई नाही. त्याच संध्याकाळी साडभाऊंचा फोन. "काय म्हनते चंद्रपूरची? हाये का गेली?"

मी "गेली" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हाये."

का म्हणालो, माहीत नाही. चंद्रपूर जवळ आहे म्हणून असेल. त्या माणसाचा आवाज फार एकटा होता म्हणून असेल. अर्ध्या तासाने बाईंचा फोन आला. त्या फक्त "भाऊजी" म्हणाल्या आणि ठेवला. एवढ्या एका शब्दात मला कुणी इतकं कधी बोललं नव्हतं.

गडचिरोलीची एसटी मूलवरूनच चंद्रपूरला जाते. मी आधीच बसलो होतो आणि शेजारच्या बाकावर रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या. मूलला ते दोघं चढले. साडभाऊंनी भुवया धुतल्या होत्या; मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. बाईंनी अबोली रंगाची, ठेवणीतली साडी नेसली होती. चंद्रपूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. साडभाऊ मात्र सगळ्या बसला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होते की जवळचं जनावर कधीही चांगलं, त्याला इथलं पाणी मानवलेलं असतं.

इंजिनियरसाहेबांनी आमच्यासमोर ताडपत्री ओढली. कोळशाची काळी भुकटी उडाली आणि खालून निळी गाडी निघाली, लांब, बसकी, रात्रभर जागून डोळे मिटल्यासारखी. साडभाऊ फाटकापाशीच थांबले. आधी लांबून पाहिलं. मग मागे गेले. मागे बराच वेळ होते. मग हळूहळू पुढे आले आणि तिच्या नाकावर हात ठेवून, मला वाटतं, काहीतरी बोलले. मारकी आहे का, हे विचारायचं ते विसरले. इंजिन दोनदा कण्हलं आणि मग असं गरजलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. टप उघडायला गेला आणि अर्ध्यावर अडकला.

साडभाऊंनी डावीकडचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. "बसा," ते बाईंना म्हणाले.

"मी कायले? तुमी बसा ना. चालवनारे तुमी."

"आधी तुमी."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग त्यांनी पाठ गाडीकडे केली, दाराला धरलं, आणि विहिरीत बादली सोडावी तशा एकदम आत गेल्या. खालून "आई गं" असा आवाज आला. मग पदर सारखा करून त्या समोर बघत बसल्या. अर्ध्या टपातून त्यांच्या डोक्यावर ऊन येत होतं. साडभाऊंनी वाकून विचारलं, "कसं वाटते?"

"इथून लोकायचे नुसते पायच दिसतेत," बाई म्हणाल्या. आणि जराशाने, "तुमचा पायजामा उसवला हाये."

त्या खूप वेळ बसल्या. इंजिनियरसाहेबांनी चहा आणला, तो त्यांनी आतच घेतला. आणि मग उतरायची वेळ आली. त्यांनी दाराला धरून जोर केला. पुन्हा केला. साडभाऊंनी हात दिला, मी दुसरा हात दिला, त्या थोड्या उचलल्या गेल्या आणि पुन्हा आत बसल्या. कपाळाला घाम आला. मला वाटलं आता त्या रडतील. त्या हसायला लागल्या. "राहू द्या मले," त्या म्हणाल्या, "गाडीसंगच इकून टाका. दोघी जुन्याच हाओ."

साडभाऊ हसले नाहीत. त्यांनी दुपट्टा कमरेला बांधला, दारापाशी पाठ करून उकिडवे बसले, आणि बाईंचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून पुढे घेतले. मिलमध्ये पोतं असंच उचलतात. आधी वजन पाठीवर घ्यायचं, श्वास सोडायचा, मग गुडघ्यांतून सरळ व्हायचं. ते सरळ झाले. त्या अंगणात, अबोली साडीतल्या बाईंना पाठीवर घेऊन ते क्षणभर उभे होते, आणि गरज नव्हती तरी दोन पावलं चाललेही. इंजिनियरसाहेब ताडपत्रीची घडी घालू लागले, जी आत्ता घालायची काही गरज नव्हती.

बाईंना खुर्चीवर बसवून साडभाऊंनी दुपट्टा सोडला, तो इंजिनियरसाहेबांच्या हातावर टाकला आणि दुपट्ट्याखाली त्यांचा हात धरला. मी नागपूर आठवून पुढे सरकलो, पण साहेबांनी हात ओढला नाही. दोघं बराच वेळ तसेच उभे होते. मग साडभाऊ म्हणाले, "कळवतो."

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकीशी झोप लागली. मी साडभाऊंना विचारलं, "काय भाव झाला?"

"कायचा भाव? नुसता हात धरून पाह्यला. थंडा हात होता बिचाऱ्याचा."

बाहेर कापणी झालेली भाताची शेतं मागे जात होती. मी आयुष्यात जमवलेला सगळा जोर एकवटला. "भाऊ, मागच्या त्या गाड्या... जयपूरची, पुण्याची... त्या गेल्या नव्हत्या. मी तसं सांगितलं."

"मले मालूम हाये," साडभाऊ म्हणाले. "मी बी फोन लावून पाह्यला होता ना. ते मालक म्हनत, हाये. तुमी म्हना, गेली."

"मग बोलले काऊन नाही?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. भुवया धुतलेल्या होत्या, तेव्हा ते आश्चर्य खरंच असावं. "तुमी एरवी काई बोलतच नाई. तुमच्यासारखा मानूस तोंड उघडून खोटं बोलून राह्यला, म्हनजे काईतरी कारन असनच. मनलं, राहू द्या."

कारण काय, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. खिडकीशी बाईंचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाने पदर एवढा घट्ट मुठीत धरलेला नसतो. कुणी कुणापासून काय लपवत होतं आणि कुणाला काय आधीपासूनच ठाऊक होतं, याचा हिशेब मी मूलपर्यंत करत होतो. जमला नाही.

पुढच्या आठवड्यात साडभाऊ गडचिरोलीला आले. हातात बांबूच्या दोन काठ्या होत्या, जेमतेम गुडघ्याएवढ्या, टोकं घासून गुळगुळीत केलेल्या. बाई ज्या खुर्चीवरून कुणाच्या मदतीशिवाय उठतात, तिच्या उंचीच्या. एक त्यांची, एक माझी. "शीट याच्या खाली नोको," ते म्हणाले. "बनवली असन कोनं तरी. एवढी मोठी दुनिया हाये." आता ते देशभरच्या मालकांना आधी "हाये का गेली" विचारतात आणि मग, बसायची जागा जमिनीपासून किती वर आहे, ते. दिल्लीच्या दलालाने मला हळूच विचारलं की साहेब, इतकी उंच असली तर ती स्पोर्ट्स गाडी कसली राहील? काठी माझ्या दारामागे उभी असते. परवा बाजारात एक परकी, बसकी गाडी उभी दिसली, तर घरी जाऊन काठी आणावी असं वाटलं, आणलीही. गाडी निघून गेली होती.

काल फोन वाजला. बाई होत्या. चंद्रपूरनंतर त्यांचा हा पहिलाच. मागे मिलची धडधड. मला वाटलं, पुन्हा तेच सांगतील, आणि मी पुन्हा मान हलवीन.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, मिलमध्ये ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "हाये का एखादी?"